ट्रॉयचं म्युझियम, हिसार्लिकची टेकडी आणि पाण्यातला दर्दी होमर

ट्रॉयला गेलात तर आधी म्युझियम पाहा, मग हिसार्लिकची टेकडी चढा; प्राचीन ट्रॉय शहराचे अवशेष त्याच टेकडीत आहेत. आमच्या टूर कंपनीने नेमकं उलटं केलं होतं. भर दुपारी टेकडी, तीही धावतपळत, आणि म्युझियम वेळ उरला तर. वेळ अर्थातच उरला नाही, कारण गाईडसाहेबांनी प्रवेशद्वाराजवळच्या लाकडी घोड्यापुढे सगळ्यांचे फोटो काढण्यात तो घालवला. आम्ही नवरा-बायकोने ग्रुपला रामराम केला, तुर्कीतल्या चानाक्काले शहरात मुक्काम वाढवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपले आपण गेलो. चानाक्कालेहून ट्रॉय साधारण तीस किलोमीटर. डोल्मुश म्हणजे आपल्या वडापची तुर्की बहीण, ती तिथवर जाते. परतीची गाडी किती वाजता, हे उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालवे, चाऱ्या, गाळ, आवर्तनं आणि पाण्यावरून होणारी भांडणं. होमर, म्हणजे इलियड आणि ओडिसी या महाकाव्यांचा प्राचीन ग्रीक कवी, हातात आला तो निवृत्तीनंतर, इंग्रजी गद्य भाषांतरातून. इलियड वाचताना एकविसाव्या सर्गात थबकलो. ग्रीक योद्धा अकिलीसच्या मागे ट्रॉयची स्कॅमँडर नदी लागली आहे. तो पळतोय, पाणी पाठलाग करतंय. आणि अशा ऐन वेळी कवी एक शेतकरी आणून उभा करतो. हा माणूस झऱ्यावरून बागेला पाणी नेतोय, हातात कुदळ आहे, पाटातला अडथळा तो काढून टाकतो. पाणी सुटतं, तळाचे खडे गडगडत पुढे जातात, उतार लागला की पाणी खळखळत धाव घेतं आणि पाणी नेणाऱ्यालाच मागे टाकतं. ज्याने आयुष्यात एकदा तरी रात्री दारं धरली आहेत, म्हणजे पाटाचं पाणी शेतात वळवलं आहे, त्याला हे वाचून हसू फुटेल. पाणी आपल्या पुढे निघून गेलं की चिखलातून जी धावपळ होते, तीच ही. होमर आंधळा होता म्हणतात. असेलही. पण खडे कसे गडगडतात हे ज्याला ठाऊक आहे, तो कधी काळी पाटाच्या कडेला उभा होता, एवढं मी लिहून देतो.

तर हा रिव्ह्यू त्या नजरेचा आहे. ज्यांना सेल्फी हवेत त्यांच्यासाठी दुसरा घोडा आहे, चानाक्कालेच्या किनाऱ्यावर. २००४ च्या हॉलिवूड सिनेमासाठी बनवलेला, काळा, भव्य. फोटो उत्तम येतात. फक्त एक लक्षात असू द्या, इलियडमध्ये घोडा नाही. इलियडमध्ये ट्रॉय पडतही नाही. ग्रीक आणि ट्रॉय यांच्या युद्धाच्या दहाव्या वर्षातले जेमतेम काही आठवडे, अकिलीसचा राग, आणि शेवट ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीने. पोकळ लाकडी घोड्यात सैनिक लपवून ग्रीकांनी ट्रॉय घेतल्याची गोष्ट ओडिसीत येते, तीही कुणीतरी कुणाला सांगितलेली. आठव्या सर्गात डेमोडोकस नावाचा आंधळा गवई दरबारात ती गातो, आणि ज्याने ती युक्ती लढवली तो ओडिसियस ओळख न देता बसलेला असतो. ऐकता ऐकता तो रडतो. होमर आंधळा ही समजूत बरीचशी या डेमोडोकसवरून आली असावी. अपोलो देवाच्या एका जुन्या स्तोत्रात गाणारा स्वतःला 'खडकाळ किऑसमध्ये राहणारा आंधळा' म्हणवतो, त्यानेही भर घातली.

आता म्युझियम. तेव्हफिकिये गावाजवळ, टेकडीपासून चालत जाण्याइतकं. २०१८ मध्ये उघडलं. ट्रॉय युनेस्कोच्या यादीत आलं १९९८ मध्ये, त्याला वीस वर्षं झाली म्हणून तुर्कीने ते सालच ट्रॉयचं म्हणून जाहीर केलं होतं. इमारतीचं डिझाइन २०११ च्या स्पर्धेतून निवडलेलं. लांबून पाहिलं तर शेतात गंजलेल्या पोलादाचा एक चौकोनी ठोकळा. बायको म्हणाली, "रंग द्यायचा राहिला वाटतं." राहिलेला नाही. हे कॉर्टेन स्टील, त्याच्यावरचा गंजाचा थरच आतल्या पोलादाचं रक्षण करतो. जमिनीतून उकरून काढलेल्या वस्तूसारखी दिसणारी इमारत करायची होती आणि ती तशी झाली आहे. आत जायला उतरतं रॅम्प आहे, आपण जमिनीखाली जातो आणि मग मजले चढत वर येतो. गच्चीवरून टेकडी, सपाट शेतं आणि पलीकडे दार्दानेल्सची सामुद्रधुनी दिसते. गच्ची चुकवू नका, कारण सगळा नकाशा तिथे एका नजरेत कळतो.

तो नकाशा समजून घेणं हा या ट्रिपचा खरा गाभा. टेकडीवर उभं राहिलं की पहिला प्रश्न पडतो, समुद्र कुठाय? ग्रीकांची जहाजं, छावणी, किनाऱ्यावरची मारामारी, सगळं समुद्राला लागून. आणि इथे तर पाण्यापर्यंत पाच-सहा किलोमीटर टोमॅटोची आणि इतर पिकांची शेतं. उत्तर आहे गाळ. टेकडीच्या पायथ्याजवळपर्यंत एके काळी खाडी आत आलेली होती. स्कॅमँडर, म्हणजे आजची कारामेंदेरेस, इडा पर्वतावरून माती घेऊन येते. सिमोइस, म्हणजे दुमरेक, दुसऱ्या बाजूने. दोघींनी मिळून हजारो वर्षांत खाडी भरून टाकली. १९७७ पासून भूशास्त्रज्ञांनी या मैदानात बोअर मारून मातीचे नमुने काढले, त्यातल्या शिंपल्यांवरून आणि गाळावरून जुना किनारा आखला. तो होमरच्या वर्णनाशी बराच जुळतो.

आणि होमरला गाळाचं वावडं नव्हतं. इलियडच्या बाराव्या सर्गाच्या सुरुवातीला त्याने एक प्रकरण घातलं आहे, ते वाचून मी आमच्या जुन्या ऑफिसातल्या मंडळींना फोन केला. ग्रीकांनी जहाजांच्या रक्षणासाठी तट आणि खंदक बांधला, पण देवांना बळी न देता. म्हणजे परवानगी न घेता बांधकाम. समुद्रदेव पोसायडनने त्यावर आधीच तक्रार केलेली होती. युद्ध संपल्यावर कारवाई झाली. आठ नद्यांची मुखं अपोलोने त्या तटाकडे वळवली, नऊ दिवस पूर, वरून झ्यूसचा पाऊस. पोसायडनने पायातली लाकडं आणि दगड त्रिशूळाने उपटून समुद्रात लोटले, किनाऱ्यावर पुन्हा वाळू पसरली, आणि मग नद्या आपापल्या पात्रात परत सोडल्या. अतिक्रमण हटवून जागा पूर्ववत करण्याचं एवढं शिस्तीचं काम मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. अॅरिस्टॉटलने यावर म्हटलं होतं की ज्या कवीने तो तट रचला त्यानेच तो नाहीसा केला. बरोबर आहे. ऐकणारा उद्या किनाऱ्यावर जाऊन "कुठाय हो तुमचा तट?" असं विचारणार, त्याची सोय कवीने आधीच करून ठेवली.

म्युझियमच्या आतल्या सगळ्या दालनांचं वर्णन करत नाही. तीन गोष्टींपाशी थांबा.

पहिली, पोलिक्सेनाची शवपेटी. संगमरवरी, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या शेवटाकडची, १९९४ मध्ये गुमुश्चायजवळच्या टेकाडात सापडली. ट्रॉयचा राजा प्रायम याची मुलगी पोलिक्सेना हिला अकिलीसच्या थडग्यावर बळी देतात, ते दृश्य एका लांब बाजूवर कोरलं आहे. तिघांनी तिला आडवी उचलून धरली आहे आणि अकिलीसचा मुलगा गळ्यात तलवार खुपसतो आहे. बाजूला बायका केस उपटून रडताहेत. कोरीव काम इतकं स्वच्छ की बघवत नाही. मजा म्हणजे ही कथा इलियडमध्ये नाही, आणि पेटीत सांगाडा निघाला तो पुरुषाचा. ट्रॉयच्या गोष्टी एकट्या होमरच्या नव्हत्या, आसपासच्या सगळ्यांच्या होत्या, हे त्या एका दगडावरून समजतं.

दुसरी, कांस्याची छोटीशी मुद्रा. नखाएवढी म्हणा ना. १९९५ मध्ये सापडली. तिच्यावर लुवियन, म्हणजे त्या काळच्या तुर्कीतल्या एका भाषेची, चित्रलिपी आहे. एका बाजूला लेखनिकाचं नाव, दुसऱ्या बाजूला एका बाईचं, बहुधा बायकोचं. कांस्ययुगातल्या ट्रॉयमध्ये सापडलेला लेखनाचा पुरावा एवढाच. लोक सोन्याकडे धावतात आणि हिच्यासमोरून निघून जातात. तेव्हा तुर्कीत साम्राज्य असलेल्या हित्ती राजांच्या कागदपत्रांत, म्हणजे मातीच्या पाट्यांत, विलुसा नावाचं राज्य येतं. तेच होमरचं इलियन, म्हणजे ट्रॉय, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

तिसरी गोष्ट सोनं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या म्युझियमने चोवीस दागिने तुर्कीला दिले, ते इथे आहेत. कानातली, पानांच्या लोंबत्या साखळ्या. बायको या काचेपाशी बराच वेळ होती. पण 'प्रायमचा खजिना' म्हणून जो गाजला तो इथे नाही. ट्रॉय खणणाऱ्या हाइनरिख श्लीमान या जर्मन माणसाने तो १८७३ मध्ये काढला, चोरून बाहेर नेला, १८८१ मध्ये बर्लिनला दिला. तिथून १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने उचलला, आणि आज तो मॉस्कोच्या पुश्किन म्युझियममध्ये आहे. शिवाय तो प्रायमचा नव्हेच. ज्या काळात इलियडचं युद्ध झालं असं मानतात त्याच्या हजारेक वर्षं आधीचा आहे.

मग टेकडीवर या. पहिल्यांदा गेल्यावर निव्वळ दगडांचा गोंधळ वाटतो, कारण एकावर एक नऊ वस्त्या आहेत; सर्वांत जुनी इ.स.पू. ३००० च्या सुमाराची, सर्वांत वरची रोमन. त्यात श्लीमानने उत्तर-दक्षिण असा प्रचंड चर खणून मधलंच बरंच काही उपसून फेकलं. होमरचं ट्रॉय तळाशी असणार असं त्याने ठरवून टाकलं होतं. काम उरकायची घाई झालेला कंत्राटदार असंच करतो. पुढे ड्यर्पफेल्ड, ब्लेगेन आणि १९८८ पासून कॉर्फमान या उत्खननकारांनी शांतपणे थर लावले.

माझा जीव अडकला तो सहाव्या ट्रॉयच्या, म्हणजे खालून सहाव्या वस्तीच्या, तटबंदीत. घडीव चुनखडीचे दगड, आणि भिंत सरळ उभी नाही, आतल्या बाजूला कललेली आहे. ठरावीक अंतराने भिंतीत उभा मोड आहे, तिथून ती किंचित दिशा बदलते. वर कच्च्या विटांचं बांधकाम होतं, ते गेलं. हा उतार हाताने चाचपून पाहिला. हाताला खाचा लागतात, पाय ठेवायला जागा मिळते. आणि इलियडचा सोळावा सर्ग आठवला. अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस उंच तटाच्या कोपऱ्यावर तीनदा चढतो आणि तीनदा अपोलो त्याला ढकलून देतो. सरळसोट भिंतीवर कुणी धावत चढत नाही, या भिंतीवर चढेल. सहाव्या सर्गात अँड्रोमकी तिच्या नवऱ्याला, हेक्टरला, सांगते, अंजिराच्या झाडापाशी माणसं उभी कर, तिथून तट चढायला सोपा आहे. ड्यर्पफेल्डला पश्चिमेकडच्या तटाचा एक भाग बाकीच्यापेक्षा जुना आणि कच्चा सापडला होता, म्हणजे नूतनीकरण तिथवर पोचलंच नाही.

होमर यातलं किती पाहू शकला असता? युद्धाचा काळ इ.स.पू. १२०० च्या आगेमागे धरतात. इलियडला आजचं रूप आलं ते बहुतेकांच्या मते इ.स.पू. आठव्या शतकाच्या शेवटी किंवा सातव्याच्या सुरुवातीला. मधे चार-पाचशे वर्षं. तोवर टेकडीवर ग्रीक लोक येऊन राहिले होते आणि जुन्या तटाचे तुकडे जमिनीवर दिसत होते. बाकीचं गाण्यातून आलं. हे कसं येतं ते मिल्मन पॅरी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात जाऊन दाखवलं. तिथल्या अवदो मेजेदोविच या लिहिता-वाचता न येणाऱ्या गायकाने बारा हजारांहून जास्त ओळींचं एक गाणं म्हटलं. पाठ करून नव्हे. तयार शब्दसमूह आणि ठरलेले प्रसंग जुळवत, तिथल्या तिथे रचून. आपला गोंधळी जसा समोरचं घर, कुळ आणि रात्र बघून आख्यान लांबवतो किंवा आवरतो, तसं. इलियडच्या १५,६९३ ओळींत 'चपळ पायांचा अकिलीस' आणि 'वाऱ्याचं इलियन' पुन्हा पुन्हा का येतात, ते यातून उलगडतं. वाऱ्याबद्दल तर त्याने अगदी खरं सांगितलं आहे. टेकडीवर बायकोची टोपी उडाली ती खालच्या शेतात गेली. टोपीला नाडी लावा.

कवीच्या चरित्राबद्दल खात्रीचं काहीच नाही, आणि म्हणूनच कथा भरपूर. स्मर्ना, म्हणजे आजचं इझमीर, तिथे मेलेस नदीच्या काठावर तो जन्मला अशी एक जुनी परंपरा सांगते. मला ती पटते, कारण नदीकाठी जन्मलेला माणूसच असं पाणी लिहील. हे शास्त्रीय नाही, कबूल. मरण इओस बेटावर. कोळ्याच्या पोरांनी कोडं घातलं: जे पकडलं ते टाकलं, जे सापडलं नाही ते बरोबर आणलं. उत्तर उवा. कवीला ते सुटलं नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्याला आपल्या चारशे वर्षं आधीचा, त्याहून जुना नाही, असं म्हटलं आहे. बस, एवढंच.

टेकडीच्या पायथ्याला, तटाबाहेर नैऋत्येला पाण्याचा बोगदा आहे. तिथवर पर्यटक फारसे जात नाहीत. तुम्ही नक्की जा. खडकात खोदलेला, वर उघडणारी उभी विवरं असलेला, आणि काम इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातलं. एका हित्ती राजाने विलुसाचा राजा अलक्सांदु याच्याशी जो तह केला, त्यात साक्षीदार देवतांच्या यादीत विलुसाचा जमिनीखालचा जलमार्गही आहे. पाणी साक्षीला. आमच्या वेळी असं असतं तर निम्मे दावे कोर्टात गेलेच नसते.

इथे बायकोला बाविसावा सर्ग वाचून दाखवला. अकिलीस हेक्टरच्या मागे तटाभोवती धावतोय आणि दोघे दोन झऱ्यांपाशी येतात. एकाचं पाणी गरम, वाफ निघते; दुसऱ्याचं उन्हाळ्यातही गारेसारखं. शेजारी धुण्याच्या दगडी डोण्या, जिथे ग्रीक येण्याआधी, शांततेच्या दिवसांत ट्रॉयच्या बायका आणि मुली कपडे धुवायच्या. ती म्हणाली, "जीव घेऊन पळणाऱ्याच्या गोष्टीत धुणं कसं काय आठवतं याला?" मग तीच म्हणाली, पुढचं वाच. पुढे हेक्टर मरतो, आणि घरात अँड्रोमकी दासींना सांगते, मोठं पातेलं चढवा, तो आला की अंघोळीला गरम पाणी हवं. तिला अजून कुणी सांगितलेलं नसतं.

या दोन झऱ्यांपायी अठराव्या शतकात ट्रॉय दक्षिणेला, पिनारबाशी गावाजवळ असल्याचं ठरलं होतं, कारण तिथे झऱ्यांचा समूह आहे. श्लीमान १८६८ मध्ये तिथे थर्मामीटर घेऊन गेला. सगळ्यांचं तापमान सारखंच निघालं. मग फ्रँक काल्व्हर्टने त्याला हिसार्लिक दाखवली, जिचा काही भाग काल्व्हर्टच्याच मालकीचा होता. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

व्यवहाराचं सांगतो. दोन्हीला मिळून अख्खा दिवस ठेवा. टेकडीवर सावली कमी, बूट चांगले हवेत, पायवाटेवर फळ्यांचे जिने आहेत आणि गुडघे बोलतात. खाण्याच्या बाबतीत शाकाहाऱ्यांची अडचण नाही. गावात गोझलेमे मिळते, पालक आणि चीज भरलेली पातळ पोळी, आणि तिथल्या टोमॅटोला चव आहे. इलियडचे सहावा, एकविसावा, बाविसावा आणि चोविसावा हे चार सर्ग तरी वाचून जा. न वाचता गेलात तर म्युझियम आवडेल, टेकडी कंटाळवाणी वाटेल. इस्तंबूलहून येत असाल तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या १९१५ चानाक्काले पुलावरून या. मधला गाळा २,०२३ मीटरचा आहे, आणि त्यावरून जाताना इंजिनिअर माणसाने खिडकीशी बसावं.

म्युझियमला पाचपैकी पाच. टेकडीलाही पाच, वाचून गेलात तर. टूर कंपनीला एक, तोही ड्रायव्हरच्या गाडी चालवण्यासाठी. स्कॅमँडरवर वरच्या अंगाला बायरामिचचं धरण आहे, त्याच पाण्यावर आज हे मैदान भिजतं. ते पाहायचं मी सुचवलं तर बायको म्हणाली, "रिटायर झालात ना?" त्यामुळे तेवढा भाग या रिव्ह्यूत नाही. कुणी जाऊन आलात तर सांडव्याला किती दारं आहेत ते कळवा.